चाकाच्या आगबोटीचे कामकाजी आयुष्य कसे शोधावे: बेळगाव-कारवारकडील अभ्यासकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ किंवा सुपा येथून समुद्र दिसत नाही. तरीही लोहमार्ग येण्यापूर्वी या मुलखाचा मुंबईशी असलेला बराचसा व्यवहार समुद्रावरूनच होत असे. बेळगावच्या छावणीचे सामान वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि रामघाटाने, पुढील काळात आंबोलीच्या घाटाने वर येई. धारवाडकडचा कापूस घाट उतरून कुमठ्याला जाई, इतका की त्या कापसाला बाजारात ‘कुमठा’ हेच नाव पडले होते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बेळगाव आणि मुरगाव लोहमार्गाने जोडले गेले, तेव्हा या वाहतुकीचा ओघ बदलला. त्याआधीच्या पिढ्यांच्या पत्रांत, वह्यांत आणि आठवणींत आगबोट येते, ती अशी वाटेतच येते: अमक्या तिथीला निघालो, बोट वेळेवर आली नाही, पडावात, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत, भिजलो, सामान राहिले.

अशा एखाद्या आगबोटीचा, विशेषतः दोन्ही बाजूंना चाके असलेल्या जुन्या धाटणीच्या बोटीचा, माग काढून तिचे कामकाजी आयुष्य लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बोटींवरील बहुतेक लेखनात दोनच दिवस असतात, बोट पाण्यात सोडली तो आणि बोट बुडाली किंवा मोडीत निघाली तो. मधली वीस-तीस वर्षे तिने कोळसा खाल्ला, माल वाहिला, चाकांच्या पाणी कापणाऱ्या फळ्या मोडून घेतल्या, पावसाळ्यात गोदीत पडून राहिली. तिचे खरे आयुष्य ते होते. ते शोधण्याचे काम चिकाटीचे असले तरी अवघड नाही, आणि त्याचा मोठा भाग बेळगावात बसून करता येतो.

पहिली पायरी: घरातील दाव्याची नोंद

सुरुवात संगणकापासून करू नये. घरातील किंवा गावातील ज्या कागदात, वहीत किंवा तोंडी आठवणीत बोटीचा उल्लेख आहे तो प्रथम आहे तसा उतरवून घ्यावा. बोटीचे नाव, बंदर, तिथी, भाडे, सोबतचे लोक, माल, यांपैकी जे असेल ते मूळ शब्दांत लिहावे आणि आपला अर्थ वेगळ्या ओळीत लिहावा. कागद मोडीत असेल तर आपल्या भागात मोडी वाचणारे अजून आहेत, त्यांच्याकडून लिप्यंतर करून घ्यावे, पण नावे आणि आकडे दुसऱ्या वाचकाकडून पुन्हा तपासून घ्यावेत, कारण मोडीत बोटीचे परके नाव हमखास बदलते.

तारखांचे रूपांतर इथेच उरकावे. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सर्वांना ठाऊक असते; मात्र शके वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७८८ चा चैत्र १८६६ मध्ये येतो, पण त्याच शकाचा माघ १८६७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. आगबोटींचा प्रवासी हंगाम नेमका या महिन्यांत जोरात असल्याने एका वर्षाची चूक इथे फार सहज होते आणि मग वृत्तपत्रात बोट सापडत नाही म्हणून आठवणच खोटी ठरवली जाते.

दुसरी पायरी: बोट चाकाची होती की पंख्याची

आपल्याकडे जुनी आगबोट म्हटली की ती चाकाचीच असणार असे गृहीत धरले जाते, आणि ते पुष्कळदा चुकते. कोकण-काठेवाड किनाऱ्यावरील ज्या बोटी लोकांच्या स्मरणात राहिल्या त्यांपैकी १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये नाहीशी झालेली ‘वैतरणा’ आणि १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेली ‘रामदास’ या दोन्ही पाण्याखालील पंख्याने चालणाऱ्या बोटी होत्या. ब्रिटिश आरमाराने १८४५ मध्ये ‘रॅटलर’ ही पंख्याची आणि ‘अलेक्टो’ ही चाकाची बोट एकमेकींना पाठीमागून बांधून विरुद्ध दिशांना ओढायला लावली, तेव्हा ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला अडीच नॉटहून (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अधिक वेगाने मागे खेचत नेले होते. आरमाराचा कल त्याआधीच पंख्याकडे झुकला होता, पण किनाऱ्यावरची, खाडीतली आणि फेरीची कामे चाकाच्या बोटींकडे त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. याचे कारण तांत्रिक आहे. चाकाची बोट उथळ पाण्यात चालते, धक्क्याजवळ पटकन थांबते, उलटी फिरते, आणि चाकांच्या पुढे-मागे बाहेर काढलेल्या रुंद सज्जांमुळे तिच्यावर माणसे व माल पुष्कळ मावतात. उघड्या समुद्रात मात्र ती डोलू लागली की एक चाक खोल बुडते आणि दुसरे हवेत फिरते, आणि यंत्रावर विनाकारण ताण येतो.

ओळख पटवण्याचे मार्ग तीन आहेत. छायाचित्र किंवा चित्र असेल तर बोटीच्या मध्यावर, धुराड्याच्या आसपास, दोन्ही बाजूंना अर्धगोल पेटी दिसते का ते पाहावे. बहुधा त्याच पेटीवर बोटीचे नाव रंगवलेले असे. छापील उल्लेख असेल तर नावाआधीची अक्षरे पाहावीत; ‘पी. एस.’ म्हणजे चाकाची, ‘एस. एस.’ म्हणजे बहुधा पंख्याची, मात्र वृत्तपत्रे या बाबतीत फार निष्काळजी असत. तिसरा मार्ग मला सर्वांत विश्वासाचा वाटतो आणि तो फारसा कोणी वापरत नाही. १८५४ च्या ब्रिटिश नौवहन कायद्यानुसार बोटीच्या एकूण नोंदणी-टनांतून यंत्रशाळेसाठी वजावट मिळे. यंत्रशाळा ठरावीक प्रमाणात बसत असेल तर चाकाच्या बोटीला ती ३७ टक्के आणि पंख्याच्या बोटीला ३२ टक्के अशी होती. म्हणून नोंदीत एकूण टन आणि निव्वळ टन असे दोन्ही आकडे असतील तर भागाकार करून पाहावा. निव्वळ टन एकूण टनांच्या सुमारे ६३ टक्के निघाले तर चाकाचा संशय घ्यायला जागा आहे, ६८ टक्क्यांच्या आसपास निघाले तर पंख्याचा. इतर लहान वजावटींमुळे आकडा थोडा सरकतो, त्यामुळे हा एकटाच पुरावा मानू नये.

नोंदणी-टन म्हणजे वजन नव्हे. तो शंभर घनफुटांचा एक टन, म्हणजे बोटीच्या पोटातील जागेचे माप आहे. ‘२०० टनांची बोट’ म्हणजे २०० टन माल वाहणारी बोट असा अर्थ कित्येक छापील लेखांतही केलेला आढळतो.

तिसरी पायरी: नावामागची नेमकी बोट

एकाच नावाच्या अनेक बोटी असतात, आणि एकच बोट मालक बदलला की नाव बदलते. म्हणून १८५५ पासून ब्रिटिश नोंदणीतील प्रत्येक जहाजाला दिलेला अधिकृत क्रमांक शोधणे हे या पायरीचे एकमेव काम आहे. हा क्रमांक बोटीच्या मुख्य तुळईवर कोरलेला असे आणि नाव, मालक किंवा बंदर बदलले तरी बदलत नसे. मुंबईत नोंदलेल्या बोटींनाही तो मिळे. ‘मर्कंटाइल नेव्ही लिस्ट’ या वार्षिक सूचीत नावावरून क्रमांक सापडतो. तिच्या जुन्या प्रती आणि क्रमांकांची शोधसूची इंटरनेटवर पाहता येते. लॉइड्सची जहाजांची नोंदवही त्याहून प्रसिद्ध असली तरी लहान किनारी बोट तिच्यात नसणे अगदी शक्य आहे. तिथे नाव मिळाले नाही म्हणून बोट अस्तित्वातच नव्हती असा निष्कर्ष काढू नये.

क्रमांक मिळाला की नोंदणीची वही मागवता येते. तिच्यात बांधणीचे ठिकाण व वर्ष, लांबी-रुंदी, यंत्राचा प्रकार आणि मालकी असते. मालकी ६४ हिश्श्यांत विभागलेली असल्याने कोणाचे १६, कोणाचे ८ असे हिस्से दिसतात, आणि गहाणाच्या नोंदीही तिथेच असतात. या नोंदी सावकाश वाचाव्यात. एका वर्षी बोट गहाण पडली, पुढच्या वर्षी नवे बॉयलर बसले आणि त्यानंतर फेऱ्या वाढल्या, असा क्रम दिसला तर त्या तीन ओळींत एका कंपनीचा सारा धाडसी व्यवहार उलगडतो.

चौथी पायरी: दप्तरे कोठे आहेत

आपल्या भागातील अभ्यासक या बाबतीत हमखास चुकीच्या शहरी जातात. सीमाप्रश्नात कोणाची बाजू कोणतीही असो, बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडे होते, त्यामुळे ब्रिटिश काळातील बंदरे, टपाल आणि आगबोटींच्या करारांसंबंधीचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, शोधावा लागतो, बेंगळुरूत नव्हे. उत्तर कानडा जिल्ह्याला मात्र एक वेगळा नियम आहे. तो १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, म्हणून कारवार, अंकोला, कुमठा या बंदरांची त्यापूर्वीची कागदपत्रे चेन्नईला असण्याची शक्यता अधिक. पणजीला थांबणाऱ्या बोटींसाठी गोव्याचे पुराभिलेखागार आहे, पण तिथे पोर्तुगीज वाचता येणारा सोबती हवा. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, हे सूचीत शोधताना लक्षात ठेवावे.

मुंबईला जाण्यापूर्वी जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे तीन खंड वाचून घ्यावेत: रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०), कानडा (१८८३) आणि बेळगाव (१८८४). त्यांतील व्यापार आणि बंदरांवरील प्रकरणांत कोणत्या बंदरात कोणता माल चढे-उतरे, घाट कोणते, रस्ते कसे होते हे मिळते, आणि ते माहीत असले की दप्तरखान्यात फाइल मागताना अंदाज चुकत नाहीत. इंग्रजी कागदांत बंदरांची जुनी रूपे ‘विंगोर्ला’, ‘कूम्प्टा’, ‘रटनाघेरी’ अशा धाटणीची असतात. सूचीत आजचे स्पेलिंग टाकून शोधले तर निम्मे कागद निसटतात.

खलाशांच्या याद्यांची वाट लांबची आहे. ब्रिटिश जहाजांच्या १८६१ नंतरच्या याद्यांपैकी मोठा वाटा कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे, सालाच्या शेवटी ५ येणाऱ्या वर्षांच्या बहुतेक याद्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत, आणि दहा टक्क्यांचा नमुना लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. केवळ हिंदी किनाऱ्यावर चालणाऱ्या बोटीची यादी यांत असेलच असे नाही. म्हणून अधिकृत क्रमांक आणि निश्चित वर्ष हातात आल्याशिवाय त्यावर पैसे खर्च करू नयेत.

पाचवी पायरी: वृत्तपत्रातून फेऱ्यांचा तक्ता

बोटीचे रोजचे काम खऱ्या अर्थाने इथे सापडते. मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत, म्हणजे १८३८ पासून ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये आणि १८६१ पासून त्याच पत्राच्या नव्या नावाने निघालेल्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये, जहाजे आली-गेली याचे रकाने असत. एक हंगाम निवडावा, साधारण ऑक्टोबर ते मे, आणि त्यातील प्रत्येक अंक पाहून तक्ता भरावा: आल्याची तारीख, कोठून, कप्तान, कोणत्या बंदरांमार्गे, प्रवासी किंवा माल, गेल्याची तारीख, शेरा. संपूर्ण आयुष्याचा तक्ता करण्याच्या मोहात पडू नये. बोटीच्या आयुष्यातील सुरुवातीचा, मधला आणि उतरतीचा असे तीन हंगाम नीट भरले तर तिच्या आयुष्याचा आकार कळतो. सर्व वर्षे अर्धवट भरली तर काहीच कळत नाही.

जाहिरात आणि नोंद यांत काटेकोर फरक करावा. ‘आगबोट शुक्रवारी सकाळी वेंगुर्ला, गोवा व कारवारकडे निघेल’ ही जाहिरात कंपनीची इच्छा सांगते. बोट खरोखर निघाली की नाही हे पुढच्या अंकातील रकाना सांगतो. दोन्हींतील अंतर तक्त्यात वेगळ्या स्तंभात लिहावे, कारण उशिरांचा हिशेब हाच बोटीच्या प्रकृतीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो. सलग तीन-चार आठवडे नाव दिसेनासे झाले आणि वादळाची बातमी नसली, तर ती दुरुस्तीला गेली असावी असे समजून गोदीच्या नोंदींकडे वळावे. मराठी पत्रांत नियमित रकाने कमी, पण तक्रारी अधिक असतात: भाडेवाढ, गर्दी, पडाववाल्यांची अरेरावी. बोटीवरच्या माणसांचे हाल समजून घ्यायला त्या तक्रारींचा फार उपयोग होतो.

सहावी पायरी: यंत्राचे गणित स्वतः करून पाहावे

कागदांत जे लिहिलेले नसते ते यंत्राच्या मापांवरून काढता येते, आणि ही पायरी कंटाळवाणी समजून वगळू नये असा माझा आग्रह आहे. दोन आकडे हवेत, चाकाचा व्यास आणि मिनिटाला फेरे. उदाहरणादाखल १४ फूट व्यासाचे चाक मिनिटाला २६ वेळा फिरते असे धरू. परीघ जवळजवळ ४४ फूट, म्हणजे फळ्यांचा वेग मिनिटाला सुमारे ११४४ फूट, ताशी ६८,६०० फूट. सागरी मैल ६०८० फुटांचा धरला तर हा वेग ११.३ नॉट होतो. पाणी मागे सरकत असल्याने पाचवा ते चौथा हिस्सा वाया जातो, आणि बोट प्रत्यक्षात साडेआठ ते नऊ नॉटने चालते. मुंबई ते वेंगुर्ले सरळ समुद्रमार्गे सुमारे १९० सागरी मैल आहे. साडेआठ नॉटने न थांबता बावीस तासांहून थोडे अधिक लागतील. मधल्या बंदरांचे थांबे त्यात मिळवले की जुन्या पत्रातील ‘दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो’ हे वाक्य पटते किंवा पटत नाही.

आता कोळसा. नोंदीत ‘नाममात्र अश्वशक्ती’ दिलेली असते आणि ती सिलिंडरच्या मापांवरून ठरलेल्या जुन्या सूत्राची असते. यंत्र प्रत्यक्षात तिच्या कितीतरी पट शक्ती देई, म्हणून नाममात्र आकड्यावर कोळशाचा हिशेब करू नये. प्रत्यक्ष ३०० अश्वशक्तीचे साधे, एकाच टप्प्यात वाफ वापरणारे यंत्र दर अश्वशक्तीमागे तासाला चार पौंड कोळसा खाते असे धरले, तर तासाला १२०० पौंड आणि बावीस तासांच्या प्रवासाला सुमारे १२ टन लागतो. १५० फूट लांब व २२ फूट रुंद अशा बोटीच्या पोटातून १२ टन कमी झाले की ती पाण्यातून जवळपास दोन इंच वर येते, आणि तेवढ्याने फळ्यांची बुड बदलते. निघताना चाके जास्त बुडालेली असल्याने यंत्र जड चाले, आणि पोहोचताना बुड कमी झाल्याने चाके पाणी पुरेसे पकडत नसत. कप्तान माल आणि कोळसा कोठे ठेवावा यावर एवढा वाद का घालत, याचे उत्तर या दोन इंचांत आहे.

कोळशाच्या टंचाईचे आपल्याच किनाऱ्यावरचे ठळक उदाहरण ‘ह्यू लिंडसे’चे आहे. ही ४११ टनांची, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे असलेली चाकाची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबीयांनी सागवानात बांधली. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्यात सुमारे साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी सोय होती आणि एडनचा प्रवास ११ दिवसांचा होता. त्यामुळे प्रवाशांच्या जागेतही कोळसा भरावा लागला आणि बोट नको इतकी खोल बसली. ती २२ एप्रिलला सुएझला पोहोचली. किनारी बोटीला दर बंदरात कोळसा मिळू शके, म्हणून तिच्यासाठी हे संकट लहान होते. पण कोणत्या बंदरात कोळशाचा साठा होता हे शोधल्यास ती कोठे जास्त वेळ का थांबे याचा उलगडा होतो.

फळ्यांविषयी एक गोष्ट. जुन्या चाकांत त्या घट्ट बसवलेल्या असत. पाण्यात शिरताना त्या थापट मारत आणि बाहेर येताना रहाटासारख्या पाणी उचलत. १८२९ मध्ये एलायजा गॅलोवे यांच्या पेटंटाने फळी पाण्यात असताना उभी राहील अशी बिजागरीची रचना आली. तिच्यामुळे शक्ती वाचली, पण सांधे वाढले, आणि वाळू व खारे पाणी सांध्यांना खाऊ लागले. आपल्या बोटीला कोणते चाक होते ते कळले तर दुरुस्तीच्या खर्चाचे आकडे आपोआप अर्थपूर्ण होतात.

सातवी पायरी: दिवस आणि वर्ष उभे करणे

बोट सकाळी निघायची असेल तर भट्टीवरची माणसे आदल्या संध्याकाळपासून कामाला लागत, कारण थंड बॉयलर घाईने तापवला की त्याचे सांधे सुटतात. जुन्या बॉयलरांत समुद्राचेच पाणी वापरले जाई. त्यात वजनाने सुमारे बत्तिसावा हिस्सा क्षार असतात. वाफ निघून जाई आणि क्षार मागे राहत. बॉयलरमधील प्रमाण दोन-तीन बत्तिसांशांवर गेले की काही खारे पाणी समुद्रात सोडून नवे घ्यावे लागे, आणि त्या पाण्याबरोबर ते तापवण्यासाठी जाळलेला कोळसाही वाया जाई. हे काम आळसाने केले तर पत्र्यावर क्षारांचा थर जमून पत्रा जळे. वाफेचे पाणी पुन्हा गोडेच परत मिळवणारे कंडेन्सर आले तेव्हा हा त्रास सरला. म्हणून दुरुस्तीच्या नोंदीत ‘नवा कंडेन्सर’ दिसला तर ती बोटीच्या आयुष्यातील मोठी घटना समजावी.

माणसांची उतरंड नीट लिहावी. सारंगाच्या हाताखाली टंडेल आणि खलाशी, सुकाणावर सुकाणी, खाली आगवाले, कोळसा ओढून आणणारे आणि तेलवाले, स्वयंपाकाला भंडारी. यांतील पुष्कळसे रत्नागिरी जिल्ह्यातील गावांचे असत, त्यामुळे तिकडील घरांतून आठवणी मिळण्याची शक्यता बेळगावपेक्षा अधिक आहे. बंदरात बोट बाहेर नांगर टाके आणि माणसे-माल पडावांतून ये-जा करीत. म्हणजे बोटीचा थांबा किती लांबेल हे पडावांच्या संख्येवर आणि भरती-ओहोटीवर ठरे, यंत्रावर नाही.

वर्षाचा क्रम पावसाने ठरवला होता. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्याच्या सुमारास, मे अखेरीस, किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक बंद पडे आणि पावसाळा ओसरल्यावर सुरू होई. मधल्या महिन्यांत बोट सुक्या गोदीत जाई. लोखंडी बोटीच्या तळावर उष्ण पाण्यात शेवाळ आणि शिंपले फार लवकर धरतात, लाकडी बोटीप्रमाणे तांब्याचा पत्रा त्यावर मारता येत नाही, त्यामुळे तळ खरवडून रंगवणे, फळ्या बदलणे, नळ्या साफ करणे आणि सरकारी तपासणीचा दाखला घेणे हे सारे याच काळात उरकावे लागे. प्रवासी कितीजणांना परवानगी आहे हे त्या दाखल्यावर असे, आणि तो आकडा वर्षागणिक घटत गेला तर बोट म्हातारी होत होती.

कागदावरून हे सारे डोळ्यांसमोर येत नसेल तर चालती बोट पाहावी, निदान तिच्या यंत्रशाळेचे चित्रीकरण. स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ १९४६ मध्ये पाण्यात सोडली गेली, १९७४ मध्ये एका पौंडाला हौशी जतनकर्त्यांच्या संस्थेला विकली गेली आणि आजही प्रवासी नेते. समुद्रात नियमित प्रवासी फेऱ्या करणारी जगातील ती शेवटची चाकाची आगबोट मानली जाते. तिचे तिरपे, तीन टप्प्यांत वाफ वापरणारे यंत्र प्रवाशांना उघड्यावर पाहता येते. २०१९ चा तिचा पूर्ण हंगाम बॉयलर बदलावे लागल्याने बुडाला, ही बाब मला तिच्या सर्व कौतुकापेक्षा अधिक शिकवणारी वाटते. आपल्या किनाऱ्यावरच्या बोटीचा असाच एखादा हंगाम गायब दिसला तर आधी बॉयलरचा विचार करावा.

आठवी पायरी: घाटावरचा पुरावा

बेळगावच्या अभ्यासकाला मुंबईकरापेक्षा एक सोय अधिक आहे. बोटीतून उतरलेला माल कोठे गेला याचा पुरावा आपल्याकडे आहे. निपाणी, शहापूर, खानापूर येथील जुन्या पेढ्यांच्या रोजकीर्दी आणि खतावण्यांत ‘वेंगुर्ला बंदर भाडे’, ‘गाडीभाडे घाट’ अशा आशयाच्या नोंदी शोधाव्यात. बोटीच्या आगमनाच्या तारखेनंतर किती दिवसांनी गाडीभाडे पडले हे पाहिले की घाट चढायला लागणारा वेळ निघतो. असे काही जोड जुळले तर फक्त वहीतील तारखेवरून, वृत्तपत्र हाती नसतानाही, बोट कोणत्या आठवड्यात आली असावी याचा अंदाज करता येतो. वही घरमालकाच्या समोरच छायाचित्रित करावी, पान क्रमांक लिहावा, आणि देण्याघेण्याची नावे प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. शंभर वर्षांपूर्वीचे कर्जही काही घरांत अजून नाजूक विषय असते.

वेंगुर्ले आणि कारवार प्रत्यक्ष पाहावे ते ओहोटीच्या वेळी. उथळ तळ, खडक आणि धक्क्याची लांबी तेव्हाच कळते, आणि बोट बाहेर का थांबे हे सांगावे लागत नाही.

शेवटची पायरी: नोंद लिहिणे

लिहिताना प्रत्येक विधानाशेजारी त्याची प्रतवारी ठेवावी: नोंदणीतून आलेले, वृत्तपत्राच्या रकान्यातून आलेले, जाहिरातीतून आलेले, घरच्या वहीतून आलेले, तोंडी, आणि गणिताने काढलेले. वाचकाला या प्रतवारीचा त्रास होईल असे वाटून ती गाळू नये; नवा कागद सापडला की कोणते वाक्य बदलायचे हे तिच्यावरूनच कळते. बोटीचा शेवटही तितक्याच काटेकोरपणे लिहावा. पुष्कळ बोटी बुडत नाहीत. त्यांची यंत्रे काढून घेतली जातात आणि धड कोळशाची वखार म्हणून किंवा ओढून न्यायचा पडाव म्हणून आणखी काही वर्षे वापरले जाते, म्हणून नोंदणी रद्द झाल्याची तारीख ही मोडीत निघाल्याची तारीख धरू नये. रद्द करण्याचे कारण वहीच्या समासात लिहिलेले असते. ते शब्दशः उतरवून घ्यावे आणि त्यापुढची बोटीची हालचाल बंदराच्या कागदांत शोधावी. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत, तक्त्यांसह, आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक वेंगुर्ल्याच्या किंवा कारवारच्या वाचनालयात ठेवावी, म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजूंचा अभ्यासक पुढचा हंगाम भरू शकेल.